चावी कोणाकडे ठेवता?

भोईरनानांनी माझी पहिली चूक माझ्याच मीटरसमोर उभं राहून पकडली.

जूचंद्रला आमच्या कॉम्प्लेक्समध्ये जिन्याखाली मीटरची खोली आहे. राहायला आल्यापासून मी तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. बिल मोबाइलवर येतं, मोबाइलवरच भरतो. मीटर नावाची वस्तू आपल्या नावावर आहे हेच विसरलो होतो. नाना मात्र तिथे स्वतःच्या माजघरात शिरावं तसे शिरले. भरदुपारी खिशातून टॉर्च काढला, मीटरांच्या रांगेतून माझा बरोबर शोधला आणि डॉक्टर पेशंटच्या जिभेकडे बघतो तसे त्याच्याकडे बघत राहिले. आजूबाजूच्या मीटरांचे लाल दिवे लुकलुकत होते. माझा मख्ख.

"सायेब," ते म्हणाले, "तुमचा मीटर दिवसा झोपलेला असतो."

आता मीटर झोपला तर त्यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पण गेले आठ दिवस नानांची आणि त्यांच्या सोबत्यांची मिळून बारा शेतं माझ्या भरवशावर होती, आणि त्या भरवशाचा मेन स्विच मी रोज सकाळी सव्वासातला स्वतःच्या हाताने बंद करून ऑफिसला जात होतो. गीझर चालू राहिला तर काय घ्या, ही आमच्या घरातली कायमची धास्ती. बायको दार ओढून घेते, मी स्विच पाडतो, आणि दोघं निश्चिंत मनाने मुंबईला जातो.

थोडं मागून सांगतो.

माझी नोकरी संगणकांना एकमेकांशी बोलतं ठेवण्याची. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. फ्लॅट परवडला म्हणून नायगाव पूर्वेला आलो. रक्तात साखर सापडल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हा सकाळी खाडीच्या बांधावर जाऊ लागलो. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात. तिथे रोज एक म्हातारा दिसायचा. उंच, वाळका, शर्टाच्या कॉलरला मागे छत्री अडकवलेली, त्यामुळे लांबून पाठीला मूठ फुटल्यासारखी दिसायची. वीज कंपनीत तीसेक वर्षं मीटर रीडर होते आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कोणाच्याही दारात गेले की हाक तीच द्यायचे: "मीटरवाला." लोकही आतून सवयीने म्हणायचे, या, दार उघडंच आहे.

एका सकाळी त्यांनी मला काय करता म्हणून विचारलं. अनोळखी माणसासाठी राखून ठेवलेल्या आवाजात मी सांगितलं, नेटवर्किंग. त्यांनी थोडा विचार केला.

"म्हनजे निरोप पोचवता?"

दोन पदव्या घेतलेल्या माणसाच्या कामाचं वर्णन इतकं स्वस्तात कोणी केलं नव्हतं, आणि त्यात चूक काढायलाही जागा नव्हती. मी हो म्हणालो.

"मग या बांधावरून गावात एक हाक पोचवा. बाकी काय नको."

बांधाच्या मधोमध एक उघाडी आहे. म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी ओहोटीला खाडीत सोडायचं दार. भरती लागली की त्याची झडप आपोआप मिटते; निदान तिने मिटावं अशी अपेक्षा असते. पण कधी झडपेत प्लॅस्टिक अडकतं, कधी ओंडका, एकदा कोणाची तरी गादी अडकली होती. मग उधाणाचं खारं पाणी सरळ भातात. अशा वेळी दोन माणसांनी धावत जाऊन दारावर वरून फळ्या टाकायच्या असतात. दहा मिनिटांचं काम. फक्त ते वेळेवर कळायला हवं. पूर्वी बांधावर राखण्या असायचा. आता बारा शेतांच्या बारा घरांतली माणसं दिवसा कामावर, गाव दीड किलोमीटर लांब, आणि नाना एकटे किती वेळ उभे राहणार. मोबाइलवर सगळ्यांचा ग्रुप होता, नाही असं नाही. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी त्यावर "पानी आत येतंय" असं टाकलंही होतं. पण त्याच्या पाठोपाठ गुलाबाच्या फुलांसह इतक्या शुभ सकाळी येऊन पडल्या की तो निरोप लोकांनी संध्याकाळी वाचला. ते पीक गेलं. जमीन पांढुरकी पडली आणि पुढचे दोन पावसाळे तिला धुऊन निघायला लागले.

नानांचे दोघे मुलगे तेव्हापासून जमीन विकायच्या मागे होते. त्यांना मी दोष देत नाही. आमचं कॉम्प्लेक्ससुद्धा अशाच कोणाच्या तरी भातावर उभं आहे. कागद तयार होते. नानांचं शेत मधोमध असल्यामुळे त्यांची सही झाली की उरलेल्या अकरा जणांचीही होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. नानांनी मुलांना शब्द दिला होता: आता एकदा जरी खारं पाणी आत आलं, तर मी सही करीन. आणि नाना दिलेला शब्द मोडणाऱ्यांतले नव्हते, हीच पंचाईत होती.

मला चेव चढला. ऑफिसात भंगारात निघालेले सुटे भाग गोळा करून मी शाळेच्या डब्याएवढे चाळीस डबे बनवले. प्रत्येकात एक छोटं रेडिओयंत्र, लाइट गेली तर दोन तास टिकेल अशी बॅटरी, इवलासा पडदा आणि एक भोंगा. टॉवर नको, इंटरनेट नको, मधे कोणी मुकादम नको. एका छपरावरच्या डब्याने शेजारच्या डब्याला सांगायचं, त्याने पुढच्याला, असं करत निरोप बांधावरून गावात. उघाडीवर फ्लशच्या टाकीतला फुगा बसवला. पाणी आत चढू लागलं की फुगा उठणार आणि पहिला डबा बोलणार. अशा व्यवस्थेवर मी ऑफिसात तासभर भाषण देतो. इथे सगळे समान, कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. या वाक्याला टाळ्या पडतात.

पहिल्या चाचणीला चाळीसही घरांत भोंगा एकदम वाजला. मी बांधावर घड्याळ धरून उभा. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. एक बगळा आला. बाकी कोणी नाही. नंतर चौकशी केली तेव्हा प्रत्येक घराने मनापासून सांगितलं की आम्हाला वाटलं शेजारचे गेले असतील.

म्हणजे चाळीसांतल्या तीन-चार डब्यांना जास्त जबाबदारी देणं भाग होतं. बाकीचे निरोप त्यांच्याकडे देणार, कोण जागं आहे कोण बंद आहे याची नोंद ते ठेवणार, आणि भोंगा वाजला तर त्यांच्याच घरात वाजणार, म्हणजे त्या घराला दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही. हे "मोठे डबे" कोणते करायचे, हा आमच्या धंद्यातला जुना प्रश्न आहे. मी त्याचं उत्तर धंद्यातल्या माणसासारखं दिलं. ज्याची जागा उंच आणि यंत्र ताकदवान, तो मोठा. जूचंद्रमध्ये चौदाव्या मजल्यावर राहणारा आणि ताकदवान यंत्र बाळगणारा माणूस कोण? तूर्त एकच मोठा डबा पुरे, असं ठरवून मी तो माझ्या गॅलरीत लावला.

आठ दिवस सगळा कारभार रोज सकाळी सव्वानवाला बंद पडायचा आणि रात्री आठला जिवंत व्हायचा. मी हवामानाला दोष दिला, कबुतरांना दिला, डबे बनवताना मदत केलेल्या ऑफिसातल्या एका बिचाऱ्याला दिला. शेवटी अर्धी रजा टाकून दुपारी आलो, तर फाटकात नाना. त्यांनी डब्याकडे बघायची इच्छासुद्धा दाखवली नाही. थेट जिन्याखालच्या खोलीत गेले. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

टॉर्च खिशात ठेवत त्यांनी मला एक प्रश्न विचारला.

"घराची चावी कोनाकडं ठेवता?"

मी म्हणालो, एक माझ्याकडे, एक बायकोकडे.

"म्हनजे कोनाकडंच नाय," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आमच्याविषयी खरोखरची काळजी उमटली.

मग त्यांनी त्यांची रीत सांगितली. गावात पूर्वी मीटर आतल्या पडवीत असायचे. घराला कुलूप असेल तर वहीत "घर बंद" असं लिहून पुढे जायची मुभा होती. कंपनी अंदाजाने बिल काढायची. नानांनी उभ्या नोकरीत ते दोन शब्द लिहिले नाहीत. घर बंद नसतं, मानूस बाजूला गेलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक आळीत एक घर असं असतं, जिथे बाकीची घरं चावी टाकून जातात. नाना त्या घरी जायचे, चावी घ्यायचे, रीडिंग घ्यायचे, चावी परत. अशी चावीची घरं त्यांना जूचंद्रमधली तर पाठ होतीच, पण नोकरी फिरतीची असल्यामुळे पार भुईगावच्या वाड्यांतलीही पाठ होती. ती घरं मोठी नसतात, पैशाची नसतात, पुष्कळदा रस्त्यावरून दिसतही नाहीत. तिथे कोणीतरी घरात असतं, एवढंच. आणि ती कोणी नेमलेली नसतात. लोक चावी टाकू लागतात आणि ते घर चावीचं होतं.

एवढं ऐकून शहाण्या माणसाने वही काढली असती. मला ते फारच घरगुती वाटलं. मी देवळाच्या मंडपात रीतसर सभा घेतली आणि विचारलं, मोठा डबा घ्यायला स्वखुशीने कोण तयार आहे.

दामूशेटचा हात माझं वाक्य संपायच्या आत वर गेला. दामूशेट म्हणजे जमिनींची देवघेव करणारा गावातला एजंट, आणि नानांच्या मुलांचे ते तयार कागद त्याच्याच कपाटात होते. हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं. सांगितलंही होतं म्हणे; मी टाळ्यांच्या नादात होतो. दामूशेटने डबा ऑफिसात नेला, त्याला हार घातला, शेजारी उभा राहून फोटो काढला. चार दिवसांनी गावातल्या एकोणचाळीस डब्यांच्या इवल्याशा पडद्यांवर निरोप झळकला: खाडीकिनारी रो हाऊस, त्वरा करा. भातावर खारं पाणी आलं तर कळावं म्हणून बसवलेल्या यंत्रातून भाताच्या जागेची जाहिरात मी स्वतः गावभर पोचवली होती.

नाना मला रागावतील म्हणून मी दोन दिवस त्यांना टाळलं. तिसऱ्या दिवशी बांधावर गाठ पडलीच. ते एवढंच म्हणाले की चावी मागून घेतो त्याला चावी कोणी देत नाही. मी दामूशेटचा डबा उपटून आणायला निघालो तर मला थांबवलं. मोठेपण काढून घ्या, डबा राहू द्या. त्याचं घरही गावातच हाय.

मग चार रविवार नानांनी मला आळ्या दाखवल्या. त्यांच्याबरोबर फिरणं ही वेगळीच गोष्ट होती. कोणाच्याही दारात ते आधी चपला बघायचे. किती जोड आहेत, कोणाच्या आहेत, उंबऱ्याकडे तोंड करून आहेत की रस्त्याकडे. मग हाक. चहा कुठेच घ्यायचे नाहीत, फक्त पाणी. मी कारण विचारलं तर म्हणाले, चहा घेतला की बसावं लागतं, आणि बसलं की बिलाची तक्रार ऐकावी लागते. माणसांची नावं ते विसरायचे, पण हा मीटर जोरात पळवणारा, ही बाई इस्त्री शेजारच्या घरात करणारी, हे घर पोरगी सासरी गेल्यापासून निम्म्यावर आलेलं, असं सगळं लख्ख आठवायचं. एकदा एका बंद खिडकीकडे बघून म्हणाले, या घरात भांडन चालू हाय, दोन महिने दोन खोल्यांत दोन पंखे. मी हसलो. ते हसले नाहीत.

चार घरं निघाली. त्यांत पहिलं कमळीआत्याचं. पासष्टीची विधवा बाई, दोन खोल्या, अंगणात तुळस आणि दारामागे खिळ्यांच्या ओळीवर अख्ख्या आळीच्या चाव्या. मी गेलो तेव्हा तिने मला चावी ठेवायला आलेला नवा भाडेकरू समजून आधी हात पुढे केला.

आत्याचा डबा बारा महिने चोवीस तास चालू. मी भारावून गेलो, आणि भारावलेला इंजिनिअर जे करतो तेच केलं: बाकीच्या तिघांवरचा भार काढून सगळा आत्यावर टाकला. नोंदी तिच्याकडे, निरोप तिच्याकडे, भोंगा फक्त तिच्याकडे. माझ्या पडद्यावर तिच्या नावापुढे शंभर टक्के दिसायचं आणि मी ते ऑफिसात लोकांना दाखवायचो.

त्या वर्षी राखीपौर्णिमा झाल्यावर एका संध्याकाळी नाना आमच्या घरी आले. चौदाव्या मजल्यावर, जिन्याने. लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता. दम खात उभे राहिले, बसले नाहीत. म्हणाले, कमळीचा एकुलता भाऊ चंदनसारला असतो. लग्न झाल्यापासून तिने त्याची एक राखी चुकवलेली नाही. यंदा गेली नाही. का, तर कुलूप लावताना मेन स्विच पाडायची रीत, मग डबा बंद पडंल, आणि इंजिनेर सायबांनी विश्वासाने दिलाय.

मी काहीतरी बोलायला गेलो. नानांचा आवाज चढला. चढलेला मी तो एकदाच ऐकला.

"मानूस घरात असतं म्हनून लोक चावी ठेवतात. चावी हाय म्हनून मानसाला घरात कोंडून नाय ठेवत. ती लग्नाकार्याला जायची तेव्हा चाव्या कुठं जायच्या, विचारलंत का तिला?"

विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं. त्यात काय, आत्या म्हणाली, बाजूच्या सुमनकडे. सुमन नसली तर पलीकडे. कोणाला सांगावं पण लागत नाही. माझ्या दाराला कुलूप दिसलं की लोक आपोआप पुढच्या दारात जातात.

पुढचा हिवाळा मी या एका वाक्यावर घालवला. भार पुन्हा चारही घरांत वाटला. डब्यांना शिकवलं की एखादं घर बंद होऊ लागलं तर त्याच्या मोठ्या डब्याने बॅटरी संपायच्या आत आपलं मोठेपण दुसऱ्याकडे द्यायचं, आणि कोणाला द्यायचं ते मला न विचारता ठरवायचं. उंची बघायची नाही. गेल्या काही तासांत कोण जागं आहे, कोणाच्या डब्याशी आजूबाजूचे डबे नीट बोलतात, एवढंच बघायचं. मी ते नानांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, म्हनजे कुलूप बघून पुढच्या दारात. मी म्हणालो, हो. चार महिन्यांचं काम होतं.

तरीही मी पंचांग बघायला विसरलो. आम्हा पगारदार लोकांना पौर्णिमा म्हणजे सुट्टी आहे की नाही एवढंच माहीत. पौर्णिमेला दुपारी बारा-एकच्या सुमाराला उधाण येतं. श्रावणी पौर्णिमेला तर मोठंच. आणि त्याच दुपारी गावातल्या निम्म्या बायका भावांकडे राखी बांधायला गेलेल्या असतात, नवरे त्यांना सोडायला गेलेले असतात. वर्षातल्या सगळ्यांत धोक्याच्या तासाला सगळी भरवशाची घरं बंद. हे मला कळलं ते पुढच्या राखीपौर्णिमेला सकाळी, नानांच्या ओटीवर बसल्यावर.

नानांनी नारळीभात खायला बोलावलं होतं. त्यांची थोरली बहीण भुईगावहून आली होती, ती आत नातवंडांत रमली होती. नाना अकरापर्यंत उघाडीवर होते. झडप नीट मिटलेली स्वतः बघून, मन घट्ट करून घरी आले होते, कारण बहिणीला राखी बांधल्याशिवाय पाणीसुद्धा चालत नाही. मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. नऊ वाजता एक मोठं घर बंद झालं, त्याचा भार शेजारी गेला. दहाला दुसरं. मग तिसरं. सुमनकडेही कुलूप. कमळीआत्या हातात पिशवी घेऊन आमच्या समोरून गेली, जाते रे चंदनसारला, म्हणाली, आणि मी तोंडभरून जा म्हणालो. बाराला तिच्या डब्याने मान टाकायच्या आधी सगळा भार कोणाला तरी देऊन टाकला.

मी नाव वाचलं. दामूशेट.

आख्ख्या गावात त्या घटकेला भोंगा वाजणार असलाच तर एका घरात वाजणार होता. आणि त्या घरातल्या माणसाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं की बारा शेतांचा व्यवहार त्याच्या खिशात. मी नानांना सांगितलं. म्हटलं, एक बटण दाबायचंय, त्याच्याकडून काढून तुमच्या घराला देतो.

नानांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "त्याच्या घरात आज कोन हाय?"

मला काय माहीत.

"सात बहिनी. सातही आल्यात, सकाळी रिक्षा मोजल्या मी. दोघी आमच्या बारा बांधकऱ्यांतल्याच घरांत दिलेल्या. भोंगा वाजल्यावर त्याला गप बसू देतील?" मग म्हणाले, "आनि तुमच्या डब्यानं निवडलंय ना? का निवडायचं म्हनून नुसतं म्हनायचं?"

माझं बोट अजून त्या बटणावरच होतं.

"बंद करा ते. जेवायला बसा."

मी लॅपटॉप मिटला. आयुष्यात काही मोजकी अवघड कामं केली आहेत, त्यांतलं हे एक. भात गोड होता असं सगळे म्हणत होते. मला चव लागली नाही.

पानावरून उठायच्या आत बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला, तो थांबेचना. दामूशेट. अंगात नवा झब्बा, दोन्ही मनगटांवर राख्या, हनुवटीला नारळाचा कीस.

"नाना, चला लवकर. बघून आलो, झडपेचा बिजागर गेलाय."

नाना उष्ट्या हाताने मागे बसले. स्कूटर गेली. मी पाठोपाठ पळालो आणि बांधाच्या पहिल्याच वळणावर चिखलात असा बसलो की माझी एक चप्पल आजही तिथे असावी. पोचलो तोवर फळ्या पडल्या होत्या. कुठून तरी वाहत आलेला ओंडका झडपेला कलंडून टेकलेला होता. दोघं कमरेइतक्या पाण्यात उभे राहून फळ्यांच्या फटीत गवत कोंबत होते, आणि दामूशेट एकीकडे तक्रार करत होता. अर्ध्या जेवणावरून उठवलं. मोठी म्हणाली, भाऊ, तू नाय गेलास तर बांधलेली राखी सोडून घेईन. सोडायला हात पन लावला तिनं. खाडीच्या अंगाला पाणी बांधाच्या काठाशी येऊन थरथरत होतं. मग ते थांबलं, आणि अर्ध्या तासाने बोटभर उतरलं.

नाना त्याच वर्षी गेले. भात कापून, झोडून, घरी आलं, दिवाळी झाली, आणि छातीत कळ आल्याचं निमित्त झालं. सही राहिली ती राहिलीच. यंदा मुलांनी लावणी केली आहे. पुढच्या वर्षाचं मी सांगू शकत नाही. हॉस्पिटलात मी त्यांना भेटलो होतो, तिथेही ते बोटाला लावलेल्या यंत्राचे आकडे वाचत होते. पण शेवटचे म्हणून मला ते तिथले आठवत नाहीत.

त्या दुपारी फळ्या पडल्या होत्या, पण त्या पडेपर्यंत फटीतून किती पाणी आत गेलं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. नाना बांधावरून आत उतरले, उघाडीजवळच्या पहिल्या शेतात. भात गुडघ्याएवढं होतं. त्यांनी वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. मग दामूशेटला खाली बोलावलं.

"तू सांग."

दामूशेटने बोट बुडवलं, चाखलं. माझ्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं.

"नीट सांग, दामू. मी तुझ्या शब्दाव चालनार हाय."

त्याने पुन्हा ओंजळीत पाणी घेतलं. या वेळी डोळे मिटून चाखलं.

"गोडं हाय, नाना," तो म्हणाला. आवाज जरा खालीच होता. "गोडंच हाय."

नानांनी मान हलवली आणि ते पुढे निघाले. दुसऱ्या शेतात वाकले, चाखलं. तिसऱ्या शेतात. आम्ही दोघं बांधावर उभे, एक झब्ब्यातला, एक एका चपलेचा, आणि तो वाळका माणूस हिरव्या भातातून एकेका बांधाशी थांबत, वाकत, लांब लांब जात होता. मी मोजत होतो. बाराव्या शेतात ते वाकले ते लवकर उठलेच नाहीत, म्हणून मी घाबरून पाऊल उचललं. मग दिसलं. दोन्ही हातांची ओंजळ करून नाना ते गढूळ पाणी पीत होते. एक ओंजळ प्यायले, मग दुसरी भरली.